खुर्चीपर्यंतची केबल

दुकानात कुणी शिरलं आणि "काकू, एक केबल द्या" म्हणालं, की काकू चष्मा कपाळावर ढकलून एकच प्रश्न विचारायच्या, "कुठून कुठे?"

नवख्या माणसाला वाटायचं, बाई आपल्या प्रवासाची चौकशी करतेय. एक जण तर "घरून आलो, घरीच जाणार" असं सांगून मोकळा झाला होता. काकूंनी हसू दाबलं आणि प्रश्न पुन्हा विचारला, या खेपेला हातवारे करून. "गिटारमधून ॲम्प्लिफायरमध्ये, की ॲम्प्लिफायरमधून स्पीकरमध्ये? ते आधी सांग बाबा. किती लांब, कुठला रंग, ते मागाहून."

प्रश्न एवढासा, पण सगळा धंदा त्यात होता. या दोन केबल दिसायला अगदी जुळ्या बहिणी. दोघी काळ्या, दोघींच्या दोन्ही टोकांना तोच चकचकीत प्लग. पण साल काढली की दोघींच्या पोटात वेगळंच निघतं. गिटारच्या केबलमध्ये मधोमध एक बारीक तार, आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी, घट्ट घातलेल्या वेणीसारखी. गिटारमधून निघणारा आवाज फार नाजूक. वाटेत ट्यूबलाइटची, पंख्याची, फोनची गुणगुण त्याला चिकटायला टपलेली असते. ती जाळी त्या सगळ्यांना बाहेरच थोपवते. स्पीकरच्या केबलला असले लाड नाहीत. तिथे ॲम्प्लिफायरने ताकद भरून ढकललेला आवाज वाहायचा असतो, म्हणून नुसत्या दोन जाडजूड तारा.

अदलाबदल झाली तर काय? स्पीकरची केबल गिटारला लावली तर ती घूंऽऽ करून सगळ्या गल्लीला सांगते की मला इथे का आणलंत. ते परवडलं. पण गिटारची केबल स्पीकरला लावली तर बिचारी चकार शब्द काढत नाही. वाजते, वाजता वाजता तापते, आणि एक दिवस आतल्या आत वितळून ॲम्प्लिफायरलाही घेऊन बुडते. म्हणून काकूंच्या दुकानात डावीकडच्या खुंट्यांवर टोकाशी पिवळी नळी चढवलेल्या केबल, त्या गिटारच्या. उजवीकडे लाल नळीच्या, त्या स्पीकरच्या. ओरडणाऱ्या चुकीपेक्षा मुकाट चुकीची काकूंना जास्त भीती वाटायची. निदान केबलच्या बाबतीत तरी.

दुकानाचा दुसरा नियम टोपणाचा. प्लगवर स्क्रूसारखं फिरवून बसवायचं एक धातूचं टोपण असतं. ते वायरीवर आधी ओवून ठेवायचं आणि मग तारा प्लगला सोल्डर करायच्या, म्हणजे कथिल वितळवून डाग देऊन जोडायच्या. जगात केबल करणारा असा माणूस नसेल जो हे विसरला नाही. छान डाग बसतो, धूर निघून जातो, माणूस स्वतःवर खूश होतो, आणि मग टेबलावर टोपण पडलेलं दिसतं. पुन्हा सगळं उकला. काकूंच्या दुकानात जो विसरेल त्याने हजर असतील तेवढ्या सगळ्यांना चहा करायचा. काकू स्वतःही कधीमधी विसरत आणि गुपचूप उठून आधण ठेवत. पण चहा करण्याचा विक्रम काकांच्या नावावर होता. रिटायर झाल्यापासून काका दुकानात मदतीला बसायचे, आणि ते बसले की चहाची पूड लवकर संपायची.

काका म्हणजे काकूंचे यजमान. नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत केली, पण जीव गिटारमध्ये. दर शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये चौघांचा बँड वाजवायचा, त्यात काका गिटारवर. नोकरी संपली, केस गेले, बँड मात्र तोच होता.

काकू या धंद्यात आल्या त्या काकांच्या गळ्यात माळ घातली म्हणून. लग्नाला जेमतेम महिना झाला असेल. काका घरी रियाज करत होते आणि केबल खर्र खर्र करत होती. काकांनी तिला झटकली, पिळली, पायाने दाबून पाहिली आणि शेवटी तिच्या घराण्याचा उद्धार केला. नवी नवरी भाजी चिरत बसली होती. ती तशीच उठली, हातातल्या सुरीने प्लगच्या मानेशी केबल उभी चिरली, आणि आत बोट घालून म्हणाली, "हे बघा. इथे तुटलीय. तुम्ही हिला मानेला धरून ओढता. कुणीही तुटेल."

काका आ वासून बघत राहिले. त्यांनी ती केबल चांगले पैसे मोजून आणली होती. दुसऱ्या दिवशी काकू ती घेऊन कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्याला वाटलं, बाई दुरुस्त करून मागतेय. काकू म्हणाल्या, दुरुस्त नको, शिकवा. आधी काकांच्या केबल, मग बँडमधल्या बाकीच्या तिघांच्या, मग त्यांच्या ओळखीच्यांच्या, असं करत करत घराच्या पुढच्या खोलीचं दुकान कधी झालं ते घरातल्यांनाही कळलं नाही. सोफा एक दिवस आत गेला आणि वायरीची रिळं बाहेर आली, एवढंच.

आता खुर्चीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. लग्नानंतर काकू पहिल्यांदा हॉटेलात बँड ऐकायला गेल्या, तेव्हा त्यांना बसायला टेबल नव्हतं. टेबलं जेवायला आलेल्यांची. वाढप्याने खांबापाशी एक खुर्ची टाकून दिली. शेवटची संथ धून सुरू झाली आणि काका गिटार वाजवत वाजवत मंचावरून उतरले, टेबलांमधून वाट काढत थेट खांबापाशी आले, आणि बायकोच्या पुढ्यात उभं राहून त्यांनी ती धून संपवली. सगळा हॉल टाळ्या वाजवतोय आणि काकूंना वाटतंय, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. घरी येईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. सकाळी मात्र त्यांनी हॉलचा अंदाज घेऊन एक नवी लांब केबल केली आणि काकांच्या हातात ठेवली. "पुन्हा असला चावटपणा करायचा असेल तर ही न्या. कालची ताणली गेली होती. मला सगळा वेळ प्लगचीच काळजी."

तेव्हापासून काकांची केबल खुर्चीच्या मापाने व्हायची. दर शनिवारी शेवटच्या धुनेला काका उतरून खुर्चीपाशी यायचे. पुढे मुलगी झाली, ती मांडीवर बसून ऐकायला लागली, मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली. खुर्ची तिथेच राहिली.

लांब केबलचा एक गुण असतो, कुणी त्याला दोष म्हणेल. ती आवाजाची धार थोडी खाते. वरचे सूर जरा बोथट, जरा गोल होतात. बाकीचे गिटारवाले त्यापायी आखूड केबल वापरतात. काकांचा आवाज मात्र त्या लांबलचक केबलमुळे मऊ आणि ऊबदार झाला होता, आणि लोक म्हणायचे, काय बोटं आहेत! काकूंना ठाऊक होतं की त्यातलं थोडं बोटांचं आणि थोडं खुर्चीचं आहे. त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. नवऱ्याचं कौतुक चाललेलं असताना मध्ये तांब्याचा हिशेब कशाला काढायचा?

गोष्ट बिघडली ती तीनेक वर्षांपूर्वी. काकांच्या मनगटावर गजराचं घड्याळ होतं. संध्याकाळी रियाजाच्या वेळेला ते पीप पीप करायचं. एका संध्याकाळी ते वाजू लागलं आणि वाजतच राहिलं. काका पेपर वाचत होते. काकू कामाच्या टेबलावरून म्हणाल्या, "अहो, ते बंद करा की."

"काय बंद करू?"

"घड्याळ."

काकांनी मनगट कानाशी नेलं. थोडा वेळ तसंच धरलं. "कुठे वाजतंय?" ते म्हणाले. घड्याळ वाजत होतं. "मला वाटलं वाजलं," असं म्हणून काकूंनी विषय तिथेच मिटवला.

त्याच आठवड्यात काका कुरकुरायला लागले. "ही केबल बुजली बघ. वरचा आवाजच येत नाही." काकूंनी केबल तपासली. केबल ठणठणीत होती. बुजलं होतं ते दुसरंच काहीतरी.

आता काकूंनी त्यांना सरळ सांगायला हवं होतं, हे म्हणायला आपलं काय जातं? पण काकूंनी त्यांच्या मोठ्या दिरांचं पाहिलं होतं. दीर व्हायोलिन वाजवायचे. कान गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी त्यांनी व्हायोलिन कपाटावर ठेवलं, ते त्यांच्या पश्चात मुलांनीच खाली काढलं. मधली सगळी वर्षं हा हसरा माणूस टेबलाशी येऊन बसायचा, ताटाकडे बघायचा आणि उठून जायचा. तेव्हा एकदा काका म्हणाले होते, "माझं दादासारखं झालं तर मला सांगूच नकोस." माणूस बोलण्याच्या भरात काहीही बोलतो. काकूंनी ते काळजात जपून ठेवलं होतं.

म्हणून त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी केबल हातभर कापली, नवा प्लग बसवला आणि म्हणाल्या, "घ्या, नीट केली." आखूड केबल, म्हणजे धार जास्त. खरं पाहता फरक एकोणीस-वीसचा, पण काका खूश. "बघ, मी म्हणत नव्हतो? केबलच बुजली होती!"

एकदा जमलं की माणसाला चटक लागते. काही महिन्यांनी पुन्हा कुरकुर, पुन्हा हातभर. मग काकूंनी वायरच बदलली, धार कमी खाणारी महागातली घेतली, आणि तीही बरीच आखूड. मग पुन्हा हातभर, पुन्हा हातभर, असं चालूच राहिलं. काकांनीही ॲम्प्लिफायरचं वरच्या सुरांचं बटण फिरवत फिरवत शेवटाला नेलं. एक शनिवार असा आला की काका शेवटच्या धुनेला मंचावरून उतरलेच नाहीत. "गुडघे कुरकुरतात गं आताशा," ते घरी येताना म्हणाले. पुढे पुढे ते ॲम्प्लिफायरला खेटून स्टुलावरच बसायला लागले. काकू खांबाजवळच्या खुर्चीत बसून लांबून बघायच्या. केबल आता त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हती, आणि ती त्यांनीच कापली होती. पण नवरा वाजवतोय ना? झालं तर मग. अशी त्या मनाची समजूत घालायच्या, आणि ती पटायची नाही.

मग एका दुपारी ड्रमवाले भाऊजी आले. हे काकांचे शाळेपासूनचे मित्र, बँडमध्ये ड्रम वाजवणारे. एरवी आले की दुकान डोक्यावर घ्यायचे; त्या दिवशी काका घरात नाहीत ना, हे पाहून मगच स्टूल ओढून बसले.

"वहिनी, त्याला काय झालंय?"

"कुणाला?" काकूंनी विचारलं, पण हातातलं सोल्डरिंगचं पेन त्यांनी खाली ठेवलं.

"उगाच वेड पांघरू नका. त्याचा आवाज कानात सुई घातल्यासारखा येतो. त्याच्या बाजूची टेबलं रिकामी राहायला लागलीत. मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं, हा शनिवार शेवटचा बघतो, नाहीतर दुसरा गिटारवाला आणा." भाऊजींनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? चाळीस वर्षं खांद्याला खांदा लावून वाजवतोय आम्ही."

काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. घड्याळापासून शेवटच्या हातभरापर्यंत.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तुम्ही गिऱ्हाइकाला पहिलं काय विचारता? कुठून कुठे? आणि घरात मात्र... दुखणं कानात आणि औषध केबलला?"

काकूंना ते झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं.

काका परतले तेव्हा काकूंनी दुकानाचं दार लोटून घेतलं. आडून आडून सांगायची त्यांना सवय नव्हती, आणि तीन वर्षं जे आडून केलं त्याचाच वीट आला होता. "अहो, केबल कधीच बुजली नव्हती," त्या म्हणाल्या. "तुमचे कान बुजलेत. वरचे सूर तुम्हाला ऐकू येत नाहीत. मला ठाऊक होतं. मी केबल कापत गेले, म्हणजे तुम्हाला कळू नये. आता लोकांच्या कानाला त्रास होतोय. हॉटेलवाला शनिवारपर्यंत थांबायला तयार आहे."

काका उभे होते, ते खाली बसले. मग "म्हणजे दादासारखं," एवढंच म्हणाले, उठले, आत गेले आणि गिटार खोक्यात घालून खोक्याच्या कड्या लावल्या. त्या कड्यांचा खट्ट आवाज काकूंनी बाहेर ऐकला. कपाटावरचं व्हायोलिन त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी काका जेवायला आले, ताटाकडे बघितलं आणि उठून गेले. अगदी तसंच. काकूंच्या हातून काम होईना. एकाच सकाळी दोनदा टोपण विसरल्या आणि दोनदा आधण ठेवलं. काकांनी चहा घेतला, पण "विसरलीस ना?" म्हणून चिडवलं नाही. एरवी त्यांनी ते दिवसभर पुरवलं असतं. शनिवार तोंडावर आला होता आणि घरात दोन माणसं भिंतींसारखी वावरत होती.

तिसऱ्या दिवशी काका दुकानाच्या कोपऱ्यात नुसते बसून होते. गिऱ्हाइकासाठी बांधून ठेवलेल्या केबलचं एक वेटोळं त्यांच्या हाताला लागलं. सवयीने त्यांनी ते तळहातावर तोललं, एकदा वाकवलं. पुन्हा वाकवलं.

"ही लाल नव्हे," ते म्हणाले.

काकूंनी चमकून वर पाहिलं.

"लाल नळी घातलीस, पण ही गिटारची आहे. हलकी लागते. वाकव ना, जाळी कळते हाताला." काका उठून टेबलापाशी आले. "अगं, ही स्पीकरला लावली असती त्याने! ॲम्प जळला असता पोराचा. तू अशी चूक कधी केली नाहीस."

काकूंनी केबल हातात घेतली. नळी लाल, वायर गिटारची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी नळी कापून काढली आणि केबल टेबलावर आदळली. "डोकं ठिकाणावर आहे कुठे माझं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलत नाही. जेवत नाही. चिडा, ओरडा, मला खोटारडी म्हणा. पण तुमच्या दादांसारखे नका ना बसू!"

"मी कानांसाठी नाही बसलो तसा," काका म्हणाले.

"मग?"

काकांनी खुर्ची ओढली. "केबल आखूड होतेय हे मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. गिटारवाला आहे मी, खुर्चीपर्यंतची वाट पायांना पाठ आहे. तिसऱ्या टेबलापाशी केबल ताणली गेली. पुढल्या खेपेला दुसऱ्या. मग उतरताच येईना. मला वाटलं, तुला आता नको असेल ते. म्हातारा माणूस सगळ्यांदेखत बायकोपुढे येऊन उभा राहतो. तुला लाज वाटत असेल, तोंडाने सांगवत नसेल, म्हणून दुरुस्तीच्या निमित्ताने कापतेस. म्हणून मी गुडघ्यांचं निमित्त केलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत."

तीन वर्षं काकूंनी कात्री चालवली ती नवऱ्याला दुःख होऊ नये म्हणून, आणि दर खेपेला ती नेमकी त्याच्या काळजावर चालली होती. आणि या शहाण्याने तीन वर्षं मनातल्या मनात कुढत बसावं, एकदा विचारू नये?

"लाज?" त्यांना रडू आवरेना. "अहो, मी दर शनिवारी त्या खांबापाशी कशाला येऊन बसत होते? तिथल्या सूपसाठी?"

"तू तरी मला कुठे विचारलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, सांगू नकोस म्हणून!"

"मी काहीही म्हणतो! ते तू ऐकायचं असतं होय? एरवी ऐकतेस का काही?"

यावर दोघंही हसली, आणि हसता हसता काकूंनी डोळे पुसले आणि तोच ओला हात काकांच्या खांद्यावर ठेवला. त्या दुपारी काका पोटभर जेवले.

मग काकू कामाला लागल्या. आता त्यांनी नवऱ्यालाही गिऱ्हाइकासारखं समोर बसवलं. "आवाज कुठून कुठे पोचवायचाय? लोकांपर्यंत एक, तुमच्या कानांपर्यंत एक. हे दोन रस्ते वेगळे. मी मूर्खासारखी एकाच केबलकडून दोन्ही करून घेत होते." गिटारची केबल पुन्हा पूर्वीइतकी लांब, पूर्वीच्याच साध्या वायरीची; म्हणजे लोकांना पूर्वीचाच मऊ आवाज. ॲम्प्लिफायरवरचं ते शेवटाला गेलेलं बटण मागे. आणि काकांसाठी एक लहान स्पीकरची पेटी, मंचावर त्यांच्या पायांशी, तोंड वर करून तिरकी ठेवलेली. "वरचा सूर टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमचा जमिनीवरचा ॲम्प तुमच्या पोटऱ्यांना गाणं ऐकवतोय. पोटऱ्यांना काय कळणार?" त्या पेटीला लाल नळीची जाड केबल, ती कितीही लांब केली तरी धार खात नाही.

मोठ्या केबलचं एक टोक काकूंनी केलं, दुसरं काकांनी मागून घेतलं. चष्मा लावून, जीभ बाहेर काढून, त्यांनी झकास डाग बसवला. फुंकर मारली. केबल काकूंपुढे धरली. टोपण टेबलावर होतं.

"दूध आहे ना घरात?" काका म्हणाले आणि उठले.

चहा पिताना त्यांनी मध्येच कप खाली ठेवला. "पेटी मंचावर राहणार. मी खुर्चीपाशी आलो की मला वरचं काही ऐकू यायचं नाही. आंधळ्यासारखं वाजवावं लागेल. चुकलो तर?"

"मी बसलेय ना तिथे? चुकलात तर सांगेन."

"कसं सांगशील? भर हॉलमध्ये?"

"तोंड वाकडं करेन. ते तुम्हाला बरोबर कळतं."

शनिवारी हॉलमध्ये मॅनेजर हाताची घडी घालून मागे उभा होता. भाऊजी ड्रमच्या मागे घाम पुसत होते, वाजवायला सुरुवात व्हायच्या आधीच. पहिली धून सुरू झाली, आणि काकूंना पहिल्या चार सुरांतच कळलं. तोच आवाज. मऊ, गोल, ऊबदार. काका पायाशी ठेवलेल्या पेटीकडे कान देऊन वाजवत होते, आणि मध्येच त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की जणू बऱ्याच दिवसांनी कुणी ओळखीचं भेटलं. बाजूच्या टेबलांवर लोक येऊन बसले. कुणी कानाला हात लावला नाही. मॅनेजरने थोड्या वेळाने हाताची घडी सोडली आणि आपल्या कामाला निघून गेला. काकूंच्या जिवाचा अर्धा घोर गेला.

अर्धा राहिला होता. शेवटची संथ धून सुरू झाली. काका स्टुलावर बसून होते. अर्धी धून झाली तरी बसूनच. काकूंनी तिकडे बघायचं टाळलं. मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग भाऊजींनी ड्रमवर एक ठोका जरा जोरात मारला, आणि काका उठले. मंचाची पायरी उतरले. त्यांच्यामागे केबलचं वेटोळं उलगडत निघालं. पहिलं टेबल गेलं. दुसरं. तिसऱ्या टेबलापाशी त्यांनी सवयीने जरा अडखळून मागे पाहिलं. केबल ताणली गेली नव्हती. ते पुढे निघाले.

खुर्चीपुढे येऊन ते उभे राहिले तेव्हा पेटी खूप मागे राहिली होती. धुनेचा शेवट वरच्या सुरांत होता, सगळ्यात वरच्या. ते सूर आता काकांना ऐकू येत नव्हते. बोटं आपली आपण चालली होती, आणि डोळे काकूंच्या तोंडावर खिळले होते.

सूर अगदी बरोबर लागत होते. एकही चुकला नाही. आणि काकूंचं तोंड वाकडं झालं. त्यांनी ओठ दाबून धरले, पण हनुवटी थरथरायला लागली आणि सगळा चेहरा पार वेडावाकडा झाला.

काकांची बोटं थबकली. त्यांचे डोळे घाबरले. "चुकलं?" त्यांनी नुसते ओठ हलवून विचारलं.

काकूंनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. हाताने खूण केली, वाजवा, वाजवा. मग त्यांनी पदराने डोळे कोरडे केले, आणि धून संपेपर्यंत तोंड सरळ ठेवून बसल्या.